'तारा' या नावाची कुळकथा

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी पडलो प्राथमिक शाळेतील शिक्षक. जुनी अकरावी मॅट्रिक आणि अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे, एवढीच माझी विद्या. जुनी दप्तरे चाळून इतिहास लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ३८ वर्षे मुलामुलींची नावे हजेरीपटावर लिहिण्यात व ती रोज सकाळी मोठ्याने वाचण्यात गेल्यामुळे नावे या विषयाची मला गोडी लागली. त्यातही एका नावाशी माझे नाते विशेष आहे. ते नाव 'तारा'. करवीरकरांना या नावाची महती मी सांगावयास पाहिजे असे नाही. ताराबाई पार्क, ताराबाई रोड, कावळा नाक्याचा ताराराणी चौक आणि तेथील तो अश्वारूढ पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. तरीही हे नाव माझ्या स्वतःच्या घरात होते, हे मला वयाच्या ३६ व्या वर्षी कळले. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानात येईल.

१९९४ साली माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कागल तालुक्यातील आमच्या आजोळी वारले. थोडी शेती व एक घर एवढी त्यांची मिळकत होती. वारसांची नोंद करण्याचे काम निघाले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलींचीही नावे लावणे भाग होते, म्हणून मामांनी आईला बोलावून घेतले. मी सोबत गेलो. कचेरीतील कारकुनाने कागद पाहिले आणि विचारले, "यात मुलीचं नाव तारा लिहिलंय. ह्या बाई तर पार्वती. तारा कुठं हाय?" मी गोंधळून आईकडे पाहिले. ती पदर सावरीत खालच्या आवाजात म्हणाली, "मीच की तारा."

आमच्या घरी तिला कोणी ताराच काय, पार्वती म्हणूनही क्वचितच हाक मारी. वडील "अगं" म्हणत, आम्ही मुले "आई", शेजारच्या बायका "मास्तरांची आई" किंवा त्याआधी "शिंपीणवहिनी". माहेरी गेल्यावर मामा तिला "आक्का" म्हणत आणि आजी "पोरी" म्हणे. त्यामुळे तिचे जन्मनाव काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. घरात आधीच एक तारा होती, माझ्या वडिलांची चुलत बहीण. एका घरात दोन तारा नकोत, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीने 'पार्वती' अशी अक्षरे काढली, आणि तेव्हापासून तारा हे नाव मिटले ते मिटलेच. पुढे रेशनकार्ड, मतदारयादी, दवाखान्याची चिठ्ठी, सगळीकडे पार्वती. आता तारा व पार्वती ही एकच व्यक्ती आहे असे प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर करून द्यावे लागले. त्यासाठी तीन खेपा झाल्या. आणि वाचकहो, ते प्रतिज्ञापत्र झाल्यावर आईने पहिले काम काय केले, तर भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही केली. भावांचे मन मोडू नये, माहेरची वाट मोकळी राहावी, ही आपल्याकडील बहुतेक बहिणींची रीत. तिला मी दोष देत नाही. पण ४४ वर्षांनी ती पुन्हा तारा झाली ती हक्क सोडण्यापुरती, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

असो. आता नावाकडे वळू.

'तारा' हा शब्द फार जुना. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ आकाशातील चांदणी. ऋग्वेदात 'स्तृभिः' म्हणजे 'ताऱ्यांनी' असे रूप येते. त्यातील आरंभीचा सकार पुढे गळून 'तारा' उरला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. फारसीतील 'सितारा' आणि इंग्रजीतील 'स्टार' हे त्याचेच दूरचे भाऊबंद. त्यांनी तो सकार जपून ठेवला. म्हणजे आपल्या आजीचे नाव तारा, मोहल्ल्यातील एखाद्या बाईचे सितारा आणि गोऱ्या साहेबाच्या मुलीचे स्टेला (लॅटिनात स्टेला म्हणजे तारा), ही तिन्ही नावे मुळात एकच ठरतात.

चौथीच्या वर्गात लिंगविचार शिकविताना एका चुणचुणीत मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, 'तो तारा' असं आपण म्हणतो, मग आमची आत्ती तारा कशी?" प्रश्न रास्त होता. संस्कृतात तारा स्त्रीलिंगी आहे. मराठीत येताना तो 'घोडा', 'वाडा' यांच्या ओळीत बसून पुल्लिंगी झाला. 'तो तारा, ते तारे' असे आपण म्हणू लागलो. पण बायकांच्या नावात मात्र जुने संस्कृत लिंग टिकून राहिले. विशेषनामे ही अशी भाषेची जुनी ट्रंक असते. वरचे कपडे बदलले तरी तळाशी घडी घातलेले वस्त्र तसेच सापडते.

संस्कृतात ताराचा आणखी एक अर्थ आहे, डोळ्यातील बाहुली. आणि तिसरा अर्थ 'तॄ' या धातूपासून येतो. तॄ म्हणजे तरणे, पार जाणे. तरी म्हणजे होडी, तीर्थ म्हणजे जेथून पार होता येते ती जागा, अवतार म्हणजे खाली उतरणे, आणि तारा म्हणजे तारून नेणारी. बौद्धांची तारादेवी ती हीच. कान्हेरीच्या आणि वेरूळच्या लेण्यांत तिच्या मूर्ती आजही उभ्या आहेत. कान्हेरीला अवलोकितेश्वराच्या शिल्पपटात तो मध्ये उभा असून भोवती संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत आणि त्याच्या बाजूला तारा आहे. समुद्रातून जहाजे हाकणाऱ्या व्यापाऱ्यांना तारणारी देवता हवी होती, आणि आकाशातील तारा हीच त्यांची वाटाडी. दोन धातूंचे दोन अर्थ येथे सहज एकत्र आले असावेत, असे मला वाटते. शाक्तांच्या दहा महाविद्यांतही दुसरी तारा आहे.

आता आपल्या घराघरांतून हे नाव आले ते मात्र एवढा विचार करून नव्हे. पंचांगातील अवकहडा चक्रात 'रू, रे, रो, ता' ही स्वाती नक्षत्राची चार अक्षरे. मूल स्वातीच्या चौथ्या चरणावर जन्मले की भटजी 'ता' अक्षर सांगत. मुलगा असला तर तात्या, तानाजी; मुलगी असली की तारा, तानू, ताई. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करी आणि नाव सांगे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलीचे पहिले नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे बाईचा. दुसरे नाव ठेवण्याचा मान नवऱ्याचा. आमच्याकडील म्हाताऱ्या बायका गमतीने म्हणत, की सासरी आधी नाव ठेवतात आणि मग जन्मभर नावे ठेवतात. आणि 'नाव घे' असे नव्या नवरीला सांगतात तेव्हा ते नाव तिचे नसतेच, हेही आपण जाणतो.

पुराणांत तीन तारा प्रसिद्ध आहेत. पहिली बृहस्पतीची पत्नी. चंद्राने तिला पळविले, देवांचे युद्ध जुंपले, शेवटी तिच्या पोटी बुध जन्मला आणि बुधापासून चंद्रवंश चालला. वंशाची आई तारा. वंशाला नाव चंद्राचे. ही कथा जुनी माणसे मुलांपुढे सांगत नसत, म्हणून मीही पुढे जातो. दुसरी वालीची पत्नी तारा, वानरांचा वैद्य सुषेण याची कन्या. वाल्मीकींनी ही स्त्री फार जाणती रंगविली आहे. सुग्रीव हरून गेल्यावर पुन्हा इतक्या त्वेषाने हाक देतो, त्याअर्थी त्याला कोणाचे तरी पाठबळ असले पाहिजे, असे ती वालीला बजावते. वाली ऐकत नाही व मरतो. पुढे सुग्रीव राज्यसुखात रामकार्य विसरतो आणि लक्ष्मण संतापून किष्किंधेत शिरतो, तेव्हा त्याच्यासमोर जाऊन त्याला शांत करण्याचे काम सुग्रीव स्वतः करीत नाही, ताराच करते. सकाळी स्मरण करावयाच्या पंचकन्यांत अहल्या, द्रौपदी व मंदोदरी यांच्याबरोबर तिचे नाव आहे ते उगाच नव्हे.

तिसरी हरिश्चंद्राची तारामती. हिचा आणि कोल्हापूरचा एक निराळाच ऋणानुबंध आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला तेव्हा तारामतीचे काम करावयास बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. त्यानंतर अवघ्या १९ वर्षांनी, १९३२ साली, आपल्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट तयार केला आणि त्यात दुर्गा खोटे यांनी तारामती उभी केली. माझ्या आईचा जन्म त्यानंतर दोनएक वर्षांचा. तिच्या आत्याने हा बोलपट पाहूनच भाचीचे नाव तारा ठेवले असे मामा सांगत. भटजींचे अक्षर आणि बोलपटाची तारामती यांचा योग जुळला असेल.

आता आपल्या नगरीच्या ताराबाईंकडे येतो. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या भूमीत तारा नावाला जे तेज आहे ते नक्षत्राचे किंवा पुराणाचे नसून या एका स्त्रीचे आहे.

ताराबाईंचा जन्म १६७५ सालचा. कराडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते, शिवाजी महाराजांचे सरसेनापती, हे त्यांचे वडील. हंबीररावांची बहीण सोयराबाई महाराजांना दिलेली. तिचा मुलगा राजाराम. म्हणजे ताराबाई आपल्या आत्याच्या घरी सून म्हणून गेल्या. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा त्याही तेथे गेल्या, आणि १६९६ साली त्यांना शिवाजी हा पुत्र झाला. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे देहावसान झाले. त्या वेळी ताराबाईंचे वय २५, मुलगा चार वर्षांचा, आणि दारात खुद्द औरंगजेब. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेने कोपऱ्यात बसावयाचे. या बाई मुलाला गादीवर बसवून स्वतः राज्यकारभार पाहू लागल्या.

पुढील सात वर्षांचा हिशेब मुलांना शिकविताना मी फळ्यावर दोन रकान्यांत मांडीत असे. पहिल्या रकान्यात बादशहाने घेतलेले किल्ले : १७०० साली सातारा, १७०१ साली पन्हाळा, १७०२ साली विशाळगड, १७०३ साली सिंहगड, १७०४ साली राजगड व तोरणा. दुसऱ्या रकान्यात मराठ्यांच्या फौजा : नर्मदा ओलांडून माळव्यात, गुजराथेत, बादशाही मुलखात. बादशहा एकेका किल्ल्यापुढे महिनोन्महिने अडकून पडे आणि इकडे त्याच्या पाठीमागचा मुलूख मोकळा सापडे. किल्ले गेले, पण राज्य गेले नाही. बरेचसे किल्ले मराठ्यांनी फिरून घेतलेही. १७०७ च्या मार्चमध्ये बादशहा अहमदनगरजवळ मरण पावला. मोगलांच्या बाजूने लिहिणारा खाफीखान हा इतिहासकार मराठ्यांविषयी चांगले बोलणारा नव्हे, तरी या बाईची बुद्धी, तिचा कारभार आणि सैन्याची व्यवस्था यांचे वर्णन त्याला करावेच लागले. शत्रूच्या बखरीत बाईचे नाव स्पष्ट अक्षरांत यावे, हा मान थोड्या स्त्रियांना मिळाला.

पुढे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, आणि ताराबाईंनी पन्हाळ्यावर आपली निराळी गादी मांडली. करवीर राज्याची ही सुरुवात. पण १७१४ मध्ये सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवून ताराबाईंना मुलासह कैदेत टाकले. जे राज्य त्यांनी उभारले त्याच राज्याच्या पन्हाळ्यावर त्या कैदी झाल्या. १७२६ मध्ये मुलगा गेला. १७३१ च्या वारणेच्या तहाच्या सुमारास त्या साताऱ्यास गेल्या आणि तेथे वृद्धापकाळीही स्वस्थ बसल्या नाहीत. १७५० साली त्यांनी रामराजाला किल्ल्यात अटकेत ठेवून पेशव्यांनाही पेचात धरले. नातू म्हणून ज्याला पुढे आणले तोच आपला नातू नव्हे असेही त्यांनी सांगितले. हे वर्तन योग्य की अयोग्य, यावर विद्वानांत मतभेद आहेत. माझ्या मते सत्ता हातची सुटू नये या हट्टापायी त्यांनी त्या मुलाचे हाल केले, आणि हे लपविण्यात अर्थ नाही. पानिपतची वार्ता ऐकूनच १७६१ च्या डिसेंबरात, ८६ व्या वर्षी, त्या साताऱ्यास निवर्तल्या. संगम माहुलीला त्यांची समाधी आहे.

तारणारी, हा नावाचा अर्थ त्यांच्या बाबतीत १७०० ते १७०७ या सात वर्षांपुरता तरी अक्षरशः खरा ठरला. म्हणूनच पुढे आपल्या राजघराण्यात हे नाव मुद्दाम देण्यात आले. राजर्षी शाहू महाराजांचे युवराज राजाराम यांचा विवाह १९१८ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नातीशी झाला. तिचे माहेरचे नाव इंदुमती. सासरी ती ताराबाई झाली. गंमत अशी, की आदल्याच वर्षी, १९१७ साली, धाकटे राजपुत्र शिवाजी यांचे लग्न सासवडच्या जगताप घराण्यातील मुलीशी झाले होते. त्या मुलीचे नाव जमना. तिला सासरी नाव मिळाले इंदुमती! म्हणजे एकाच राजवाड्यात एक इंदुमती नव्याने घडविली गेली आणि जी खरोखरची इंदुमती आली तिची तारा झाली. शिवाजी महाराज १९१८ मध्ये शिकारीत अपघाताने गेले. विधवा सुनेला राजर्षींनी विरोध पत्करून सोनतळीला ठेवून शिकविले. त्या इंदुमती राणीसाहेब आपल्या पिढीच्या स्मरणात आहेत. त्या १९७१ मध्ये निवर्तल्या. पण जमना कोणाच्या स्मरणात आहे?

या जमनेवरून मी शोध घेऊ लागलो, आणि माझ्या असे ध्यानात आले की महाराष्ट्रातल्या नामवंत स्त्रियांच्या नावांखाली एक-एक नदी बुजविलेली आहे. देवराष्ट्रे गावची यमुना कुर्लेकर १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी जाऊन रमाबाई झाली. कल्याणची यमुना जोशांच्या घरी जाऊन आनंदीबाई झाली; तीच १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली, पण कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती पुण्यास निधन पावली. अण्णासाहेब कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेली गोदूबाई आनंदीबाई झाली. रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाई मूळच्या मनकर्णिका. झाशीच्या लक्ष्मीबाईही मूळच्या मनकर्णिका. यमुना, यमुना, जमना, गोदा, आणि काशीच्या मणिकर्णिका घाटाच्या दोन.

नाव पुरुषाचेही बदलते, असे कोणी म्हणेल. कागलचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक येऊन शाहू झाले, हे खरेच आहे. पण यशवंतराव हे नाव शाळेतल्या मुलालाही पाठ असते; चरित्राच्या पहिल्या पानावरच ते छापलेले असते. वरील स्त्रियांची जन्मनावे आपल्याला कळतात ती त्यांनी स्वतः आठवणी लिहिल्या म्हणून, किंवा त्यांची चरित्रे झाली म्हणून. ज्यांनी लिहिले नाही, ज्या काजे करीत आणि तुरपाई घालीत दुकानाच्या मागच्या खोलीत जन्म घालवून गेल्या, त्यांची नावे कोठे पाहावीत?

येथे मी आपल्या ज्ञातीकडे येतो. आपण नामदेव शिंपी. आपल्या कुळाचा मूळपुरुष म्हणून ज्यांना आपण वंदन करतो त्या नामदेवरायांच्या घरातील माणसे मोजून पाहा. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई : या आठ स्त्रिया. वडील दामाशेटी, स्वतः नामदेव, आणि नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार पुत्र : हे सहा पुरुष. पंधरावी दासी जनी. संतपरंपरेने या घरातील एकाही बाईला निनावी ठेवले नाही, दासीलादेखील नाही. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात तर या सगळ्यांची गणती केलेली आहे; घराची शिरगणती घरातल्या मोलकरणीने करावी आणि ती सातशे वर्षे टिकावी, हे दुसऱ्या कोणत्या घराण्यात घडले आहे? आणि परंपरा असे सांगते, की आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांबरोबर सर्व कुटुंबाने समाधी घेतली तेव्हा थोरली सून लाडाई बाळंतपणासाठी दूर होती, आणि पुढे वंश चालला तो तिच्यापासून. म्हणजे त्या वंशाचा धागा ज्या सुईच्या नाकातून ओवला गेला ती लाडाई.

लाडाई, गोडाई, साखराई ही जुळवून ठेवलेली गोड नावे पाहता ती सासरचीच असावीत, हे मी कबूल करतो. तेव्हाही रीत हीच असेल. पण निदान सासरची तरी नावे राहिली.

आपल्या ज्ञातीतील निरनिराळ्या घराण्यांच्या वंशावळी गेली काही वर्षे या स्मरणिकेत छापल्या जात आहेत. काम स्तुत्य आहे आणि ज्यांनी ते अंगावर घेतले त्यांचे श्रम मी जाणतो. पण त्या वंशावळी आपण डोळे उघडून पाहिल्या आहेत काय? बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशा खाली उतरत जाणाऱ्या रेघा. मुली नाहीत. आया नाहीत. आमच्या घराण्याची वंशावळ मीच तयार करून दिली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देण्याचा प्रश्नच नाही. सात पिढ्यांचे २३ पुरुष मी मोठ्या अभिमानाने लिहून काढले आणि ज्या बाईने मला जन्म दिला तिचे नाव त्यात घातले नाही. तारा नाही आणि पार्वतीही नाही. ती २००९ मध्ये गेली. मृत्यूच्या दाखल्यावर पार्वती असे आहे.

दिवस पालटत आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. म्हणजे आजच्या बाळाची आई पुढील काळात कागदावर राहील. पण मागील पिढ्यांच्या आया शासन आता लिहू शकत नाही. त्या आपल्यालाच लिहाव्या लागतील आणि तेही लवकर. ज्या आज्यांना आपली व आपल्या सासवांची माहेरची नावे ठाऊक आहेत त्या ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत.

म्हणून गेल्या आषाढात नामदेव पुण्यतिथीच्या प्रसादाला भगिनीमंडळ जमले असता मी एक वही घेऊन बसलो. प्रत्येकीला तीन गोष्टी विचारल्या : बारशाचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव. प्रथम हसू झाले. "गुरुजी, आता ह्या वयात नाव इचारताय व्हय?" असे एकीने म्हटले. एका आजींना आपले बारशाचे नाव चटकन आठवेना. त्या गप्प बसून राहिल्या आणि ताक वाढून झाल्यावर परत येऊन "कोंडाबाई, कोंडाबाई" असे सांगून गेल्या. दुसऱ्या एकीने आपले नाव सांगण्याआधी सुनेला तिचे विचारले, आणि सुनेचे जन्मनाव आपण २० वर्षांत एकदाही उच्चारले नाही असे तिच्या ध्यानात आले. त्या दिवशी ४१ नावे लिहून झाली. त्यांपैकी २९ जणींची दोन नावे होती. तरुण सुनांपैकी बहुतेकींनी नाव बदललेले नाही. आमच्या घरातही माझ्या सुनेचे नाव तेच राहिले आहे. वहीत तारा तीन निघाल्या. एक अजूनही तारा आहे, एक सुशीला झाली, एक लक्ष्मी.

आमच्या घराण्याची वंशावळ मी आता नव्याने मांडीत आहे. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी दोन रकाने केले आहेत, एक माहेरच्या नावाचा व एक सासरच्या नावाचा. आईच्या जागी तारा आणि पार्वती दोन्ही लिहून झाले. आजीच्या सासरच्या नावाच्या रकान्यात भागीरथी आहे. तिच्या माहेरच्या नावासाठी मी वडिलांच्या थकलेल्या चुलतबहिणीकडे, म्हणजे त्या आमच्या घरच्या पहिल्या तारेकडे, गडहिंग्लजला जाऊन आलो. आत्तींनी बराच वेळ विचार केला. आजी गोरीपान होती, ती तवा उलथून चपलाख भाकरी थापी, तिला बेळगावकडचे कानडी येत होते, हे सारे त्यांनी सांगितले. नाव त्यांना आठवले नाही. तो रकाना मोकळा आहे.